धाकट्या बाईंचं डोहाळं

आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी एकवीस वर्सं आया म्हनून काडली. आयाचं काम म्हंजे बाळंतपनाच्या खोलीत डाक्टरला जे करायचं नसतंय ते सगळं. बाईला टेबलावर घ्यायची, तिचं पाय धरायचं, फरशी धुवायची, वार मागं न्हेऊन पुरायची, पोर पुसून त्याच्या आजीच्या हातात द्यायचं. रोजंदारीवर लागले ती रोजंदारीवरच ऱ्हायले. कायम कदी झालेच न्हाय. दुसरीपतूर शिकले, त्यातलंबी निम्मं साल भांगलनीत गेलं. म्हनून हे मी सांगते आनि नात लिवून घेत्या. तिला म्हनले, माजं बोलनं सुदरू नगंस, हाय तसं लिव.

मालक छातीच्या दुखन्यानं गेलं तवा माज्या पदरात दोन पोरी हुत्या. थोरली नववीतनं काडली आनि लगीन करून दिली, कुरुंदवाडाच्या पल्याड. पयलं बाळंतपन म्हायेरात करायचं, ह्यो रिवाज. म्हनून ती माज्याकडं आली, म्हंजे माज्याच दवाखान्यात आली. पोर आडवं हुतं. तवा आमच्यात जे डाक्टर हुतं ते गडी मानूस, सोभावानं चांगलं. म्हनलं, मावशी, पोट कापाय पायजे आनि हितं भूल द्यायला कोन न्हाय, मिरजंला न्ह्या. उसाचं दिस हुतं. जीप अंकलीच्या पुलावर गेली आनि म्होरंबी ट्रॅक्टरची रांग, मागंबी ट्रॅक्टरची रांग. भर दुपार. पुलावरच ती गेली. पोटातलंबी गेलं. मी तिचं डोस्कं मांडीवर घिऊन बसलेली. ड्रायव्हरनं इचारलं, मावशी, आता मिरजंला जायाचं का माघारी वळायचं. मी म्हनले, वळीव.

पंधराव्या दिवशी कामावर गेले. धाकटी पोरगी शाळंत हुती. चूल बंद ठिऊन चाललं नसतं.

एक गोस्ट मातर रोज डोळ्यांम्होरं यायची. बाळंतपनाच्या खोलीपासनं इस पावलावर ऑपरेशनची खोली हुती. कुलपात. आत चांगलं टेबल हुतं, आलं तवापासनं प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं. मलेरियाच्या फवारनीचं पंप त्याच खोलीत ठिवायचं. दार उघडलं की औषिदाचा वास नाकात जायाचा. मी रोज त्या दाराम्होरची फरशी पुसायची. माज्या मनानं घेतलं हुतं की हे आपलं नशीब. आमच्यात नशीब मानायचं न्हाय म्हनून सांगितलेलं हाय, आमच्या सासऱ्यानं छप्पन साली दीक्षा घेतलेली, घरात कसला अंगारा न्हाय का धुपारा न्हाय. पन मन काय सांगून ऐकतंय व्हय.

मग नवीन डाक्टरीन म्हनून धाकट्या बाई आल्या.

कोल्लापूर शहरातली पोरगी. अंगानं काटकी, डोळ्यांला चष्मा, नवीनच लगीन झालेलं. पयल्या दिवशी सगळा दवाखाना फिरल्या आनि त्या दाराम्होरं हुब्या ऱ्हाऊन किल्ली मागितली. किल्ली क्लार्ककडं. क्लार्क म्हनला, बाई, तितं काय न्हाय. त्या म्हनल्या, काय न्हाय तर कुलूप कशाला. तीन दिवस आमी दोघींनी ती खोली घासली. डाक्टर बाई पदर खोचून भिताडं घासत्या हे बगाय वार्डातल्या बायका उठून आल्या. फवारनीचं पंप त्यांनी सोता उचलून व्हरांड्यात ठिवलं. टेबलाचा प्लास्टिकचा कागद सोडला तवा त्यांनी इचारलं, मावशी, हितं भूल कोन देतंय. मी म्हनले, कोन न्हाय.

त्यांनी सोद काडला. भुलीचा डाक्टर जयसिंगपुरात हुता. स्कूटरवरनं दिवसभर ह्या खाजगी दवाखान्यातनं त्या खाजगी दवाखान्यात जायाचा. बोलावला असता तर आमच्यात पंधरा-इस मिंटात आला असता. त्येला फोन केला तर तो म्हनला, येतो की, त्यात काय. पन वरच्या हापिसातनं उत्तर आलं की सरकारी ऑपरेशनच्या खोलीत खाजगी मानूस घ्यायचा न्हाय. कायबी झालं तर जबाबदारी कुनाची? तसा कागद न्हाय. बाईंनी मला हे समजून सांगितलं तवा मी फडकं पिळत हुते. भुलीचा डाक्टर जयसिंगपुरात, माजी लेक हितल्या टेबलावर, आनि मदी एक कागद न्हवता म्हनून ती पुलावर. त्या दिवसापासनं मी नशीब म्हनायचं सोडलं.

आता थोरल्या बाईंचं सांगते, त्याबी डाक्टरीनच, नात्यातल्या न्हवं, वयानं थोरल्या. त्यांचा सोताचा बाळंतपनाचा दवाखाना जयसिंगपुरात हुता. केस पांढरं, सुती लुगडं, आवाज असा की रस्त्यावरच्या मानसानं वळून बगावं. जिल्ह्यातल्या डाक्टरीन बायकांची त्यांनी मंडळी केलती. म्हयन्यातनं एकदा जमायच्या, पोहं खायाच्या आनि कुठल्या दवाखान्यात काय न्हाय ते लिवून काडायच्या. खरं तर त्यांना काय गरज हुती? आमच्या दवाखान्यात ऑपरेशनं व्हाय लागली तर त्यांच्याच दवाखान्यात बायका कमी येनार. हे मी एकदा बोलून दाखवलं. त्या म्हनल्या, येऊ देत की कमी, माजीबी कंबर धरत्या आता. धाकट्या बाईंनी त्यांना सगळं सांगितलं आनि ठरलं की आमदारांना भेटायचं. नियम मुंबईला बदलतोय, आनि मुंबईच्या सभेत आपला मानूस कोन बसतोय, तर आमदार.

धाकट्या बाईंना जाता येत न्हवतं. सरकारी नोकरानं आमदाराकडं जाऊन मागनी केली की नोटीस. मग थोरल्या बाई आनि आनिक चारजनी गेल्या. आनि तितं त्यांनी चूक केली. आमच्या भागात मोकळ्या हातानं कुनाकडं जात न्हाईत. म्हनून हार न्हेला, शाल न्हेली, नारळ न्हेला. आमदारांच्या गळ्यात हार घातला, फोटूवाला तितं हुताच, त्यानं फोटू काडला. कागद हातात दिला, तो मागं हुबा असलेल्या मानसानं घेतला आनि गठ्ठ्यात घातला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की डाक्टर बायकांनी आमदारांचा सत्कार केला. कशासाठनं गेलत्या त्याचं एक अक्षर न्हाय. फोटू बगून लोक थोरल्या बाईंना इचाराय लागलं, काय बाई, निवडनुकीला हुबा ऱ्हाताय काय. त्यांनी ते कात्रन आपल्या टेबलाच्या काचंखाली लावलं. मी इचारलं, हे कशाला वो ठिवलंसा. म्हनल्या, येडेपना रोज दिसाय पायजे.

मदी आठ म्हयनं गेलं. तवर धाकट्या बाईंना दिवस गेलतं. सातवा लागला तवा थोरल्या बाई म्हनल्या, आता घरी जायाचं, सकाळच्या पारी, हार न्हाय आनि फोटू न्हाय. धाकट्या बाई म्हनल्या, मी येते. मागत न्हाय, नुसती बसते. आनि थोरल्या बाईंनी मलाबी चल म्हनलं. मला नोटीस काडायला मी नोकरीत तरी कुठं हुते. पन मी तितं जाऊन काय बोलनार? त्या म्हनल्या, तू आपनहून काय बोलायचं न्हाईस. इचारलं तरच सांगायचं. खोटं एक अक्षर न्हाय आनि रडायचं न्हाय. मी म्हनले, मी रडत न्हाय. म्हनल्या, म्हनूनच तुला न्हेते.

आमी पाचजनी थोरल्या बाईंच्या जुन्या गाडीतनं गेलतो. आमदारांच्या दारात चपलांचा ढीग. सोप्यात गडी मानसं बसलेली, कुनाची बदली, कुनाचं बोअर, कुनाची ऊसतोड. एक कार्यकर्ता म्होरं आला आनि म्हनला, बायकांची बसायची सोय आत हाय. थोरल्या बाई म्हनल्या, आमी बायका म्हनून न्हाय, डाक्टर म्हनून आलोय. तो म्हनला, व्हय की, डाक्टर बायकाच न्हवं? चला आत. त्याच्या मनात वाईट न्हवतं. त्या घरात बायका आतच जायाच्या, एवढंच.

आत आमदारांची आई पावट्याच्या शेंगा सोलत बसलेली. सगळी तिला आईसाहेब म्हनायची. तिनं चटई घातली, चा सांगितला. डाक्टर बायका चटईवर टेकल्या. थोरल्या बाईंच्या हातात कागद हुता, त्येची त्या सारकी घडी घालायच्या नि उलगडायच्या. चा पिऊन झाला, परत चा आला. भाइर आमदार बोलत्याला ऐकू येत हुतं, पन आत काय येत न्हवतं. मी उंबऱ्यात बसलेली. कुनी बस म्हनलं न्हवतं, पन असल्या घरात मला कुठं बसायचं ते सांगावं लागत न्हाय.

आईसाहेबानं धाकट्या बाईंना इचारलं, ती उंबऱ्यातली कोन. धाकट्या बाई म्हनल्या, माझं बाळंतपण ह्या करणार आहेत. मग म्हातारीनं मला इचारलं, गाव कुठलं. सांगितलं. कुनाची तू. तेबी सांगितलं. तेवढ्यावर तिला कळायचं ते कळलं. दोन शेंगा सोलल्या तिनं, आनि मग पाट माज्याकडं सरकवला. म्हनली, हितं ये, उंबऱ्यात जायला-यायला अडचन हुत्या. तिनं तेवढं कारन काडलं, मी तेवढं घेतलं, आनि आत जाऊन बसले.

पोटुशी बाई घरात आलीया म्हटल्यावर म्हातारीचा सोभाव बदलला. कितवा, उलट्या हुत्यात का, झोप लागत्या का. सुनंला हाक मारून खन, नारळ, तांदूळ आनायला सांगितलं आनि धाकट्या बाईंची ओटी भरली. आनि भरता भरता इचारलं, काय खावंसं वाटतंय पोरी, लाजू नगंस, सांग. आमच्याकडं हे असं नुसतं बोलाय म्हनून इचारत न्हाईत. पोटुशीचं डोहाळं एकदा इचारलं की पुरवाय लागत्यात. न्हाय पुरवलं तर जल्मलेल्या पोराच्या तोंडातनं लाळ गळत्या म्हनत्यात, आनि त्येचा दोष इचारनाऱ्यावर. म्हातारीला वाटलं आसंल, चिंच म्हनंल, लईतर मटनाचा रस्सा म्हनंल.

धाकट्या बाईंनी ओटीचा पदर सावरला. थोरल्या बाईंकडं बगितलंबी न्हाय. हळूच म्हनल्या,

"आईसाहेब, मला भुलीचा डॉक्टर पाहिजे."

म्हातारीला वाटलं चेष्टा हाय. सून हासली. धाकट्या बाई हासल्या न्हाईत. त्यांनी सांगितलं की मी सरकारी डाक्टर, मला कुनाकडं काय मागायची परवानगी न्हाय, पन तुमी पोटुशीला इचारलासा म्हनून सांगते. माजं बाळंतपन मी आमच्याच दवाखान्यात करनार. पोर आडवं आलं, अडलं, तर पोट कापाय टेबल हाय, कापाय डाक्टर हाय, भूल द्यायला मानूस न्हाय.

म्हातारी म्हनली, "मग तू कोल्लापुरास जा की. तुला काय कमी हाय?"

"मी जाईन. माझ्याकडे गाडी आहे. पण ह्यांची लेक पोचली नाही."

मग म्हातारीनं माज्याकडं बगितलं. कुठं, म्हनली. मी म्हनले, अंकलीच्या पुलावर. आनि पोर? तेबी. ह्याच्यापरास जास्त मी बोलले न्हाय आनि तिनं इचारलं न्हाय. शेंगांचं सूप तिनं बाजूला सरकवलं आनि सुनंला म्हनली, भाइर सांग, तेला म्हनावं आत ये.

आमदार आत आलं. खांद्यावर टावेल, कपाळावर घाम, सोप्यातल्या मानसांनी पार पिळून काडलेलं. बायकांना हात जोडलं. म्हातारी म्हनली, "हिला डोहाळं मी इचारलंय. माज्या घरात इचारलंय. आता तू पुरीव." आमदार हासलं, म्हनलं, सांगा बाई, हंगामात नसंल तरी आनतो. तवा थोरल्या बाईंनी कागदाची घडी उलगडून त्यांच्या हातात दिली. एकच पान, मोठ्या अक्षरात. आमदार म्हातारीशेजारी फरशीवरच बसलं आनि वाचलं. दोनदा वाचलं. हासू गेलं. म्हनलं, बाई, मागल्या येळी आलतासा तवाच हे का न्हाय सांगितलं.

थोरल्या बाई म्हनल्या, "मागल्या येळी आमी तुमच्या गळ्यात हार घालत हुतो."

आमदारांनी मान खाली घातली. गडी वाईट न्हवता. एक तास आत बसला. भाइरनं दोनदा बोलावनं आलं, म्हातारीनं दोनदा माघारी धाडलं. सगळं इचारून घेतलं त्यानं. नवीन जागा मागत न्हाय, नवीन डाक्टर मागत न्हाय, जयसिंगपुरातला मानूस अडल्या येळंला बोलवायची परवानगी तेवढी द्या, हे त्येला पटलं. मग म्हनला, ह्यो नियम मंत्र्याच्या हातात हाय, आनि नुसता कागद धाडून काय हुत न्हाय, तुमी सोता चला. उठता उठता म्हातारी म्हनली, सातवा हाय, दोन म्हयनं हाईत तुज्याकडं.

पंधरा दिवसांनी मंत्री कोल्लापुरात सर्किट हाऊसवर आलं. तवाबी मला न्हेलं. मोठी खोली, गार, खुर्च्यांवर पांढरी कापडं. मंत्र्यांच्या शेजारी मोठा साहेब बसलेला. तो म्हनला, तुमच्या दवाखान्यापासनं मिरज काय लांब न्हाय, अर्ध्या-पाऊन तासाची वाट. थोरल्या बाईंनी इचारलं, उसाच्या दिसात दुपारी अंकलीच्या पुलावर कदी अडकलाय काय साहेब? आनि पुराच्या दिसात वाडीकडनं बाई कशी आनायची, व्हडीतनं का? साहेब म्हनला, ते ठीक हाय, पन खाजगी मानसाच्या हातनं काय झालं तर जबाबदारी कोन घेनार.

"मी," थोरल्या बाई म्हनल्या. "लिवून घ्या."

आनि पिशवीतनं दुसरा कागद काडला. तो त्यांनी घरनंच लिवून आनलेला. बोलावलं की कुठलीबी येळ आसू दे, येऊ, ऑपरेशन करू, आनि बरंवाईट आमच्यावर. त्याच्याखाली पाच डाक्टरीन बायकांच्या सह्या. सगळ्यांचं सोताचं दवाखानं, घरं, पोरंबाळं. एकीचं तर पोर म्हयन्याचं हुतं, ती पदराखाली घिऊन आलती. मला वाचता यायचं न्हाय तेवढं, पन सह्या मोजता येत्यात. मी आजवर लई सह्या बगितलेल्या. दवाखान्यात सही कशाची घेत्यात, तर आमी जबाबदार न्हाय म्हनून. आमी जबाबदार हाय म्हनून केलेली सही मी पयल्यांदा बगितली. मंत्र्यांनी तो कागद सोताच्या हातानं घेतला. मागच्याकडं दिला न्हाय.

धाकट्या बाई त्या खोलीत न्हवत्या. त्या दवाखान्यात बाळंतपनं करत हुत्या. तरी त्यांना नोटीस आलीच. आमदारांच्या घरी विनापरवाना का गेलतासा, सात दिवसांत खुलासा करा. कुनी सांगितलं कुनाला ठावं. आमी सगळ्या घाबरलो. त्यांनी मातर हासत हासत खुलासा लिवला आनि मला वाचून दाखवला. आमदारांच्या आईंनी माजी ओटी भरली. खन, नारळ, तांदूळ मिळालं. कागदावर कुठलीबी मागनी केली न्हाय. क्लार्क टपालात घालताना हासून हासून लाल झाला. पुन्यांदा त्या नोटिशीचं कुनी काय इचारलं न्हाय.

आठवा सरला. मुंबईहून काय येत न्हवतं. आमदारांनी सभेत इषय काडला म्हनून कळलं, मंत्री व्हय म्हनलं म्हनूनबी कळलं, पन कागद ह्या टेबलावरनं त्या टेबलावर जात हुता. थोरल्या बाई रोज दुपारी फोन लावायच्या. दोनदा तर सोता मुंबईला जाऊन आल्या, रात्रभर रेल्वेत बसून, आनि सकाळी उतरल्या की सरळ आपल्या दवाखान्यात. हिकडं धाकट्या बाईंची सासू आनि नवरा त्यांना न्ह्यायला आलं. कोल्लापुरात चांगला दवाखाना बगून ठिवलेला. बाई म्हनल्या, मी येनार न्हाय, मी बायकांना रोज सांगते हितं या, आनि मीच जाऊ? सासू तापली. व्हरांड्यात माज्याकडं बोट करून म्हनली, हिला सोताच्या लेकीचं बाळंतपन जमलं न्हाय, तिच्या हातात माजी सून द्यायची?

मी फडकं घिऊन हुबी हुते. तिचंबी खोटं न्हवतं. धाकट्या बाईंनी मातर पयल्यांदा आवाज चडवला. म्हनल्या, "त्यांना जमलं नव्हतं असं नाही, आई. त्यांना मिळालं नव्हतं." सासूनं बॅग उचलली. पन गेली न्हाय, बाईंच्या क्वार्टरमदीच बॅग घिऊन ऱ्हायली.

कागद आला तो फॅक्सवर. आमदारांच्या घरात आला, तितनं थोरल्या बाई सोता घिऊन आल्या. गुळगुळीत पातळ कागद, गुंडाळी व्हायचा. वार्डात हुब्या ऱ्हाऊन त्यांनी मोठ्यानं वाचला. आमच्या आनि आनिक थोड्या दवाखान्यांत, अडल्या येळंला, बाहेरचा भुलीचा डाक्टर, आनि कापायला त्या सह्या केलेल्या पाचजनी, बोलवायची परवानगी. वाचून झाल्यावर त्यांनी तो माज्या हातात दिला आनि म्हनल्या, लाव भिताडाला. मी ऑपरेशनच्या खोलीच्या भाइर, मानसाच्या डोळ्यांबरोबर येईल असा लावला.

त्याच्यानंतर आठ-नऊ दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, धाकट्या बाई ओपीडीत पेशंट तपासत हुत्या. रांग दारापतूर. मदीच पेन ठिवला आनि म्हनल्या, मावशी, चला. दुपारपतूर सगळं नीट हुतं. दोननंतर पोराचं ठोकं कमी व्हाय लागलं. थोरल्या बाई आल्या, हात लावून बगितला, कानाला नळी लावली. म्हनल्या, थांबायचं न्हाय, कापू या. धाकट्या बाईंनी सोताच घड्याळात बगितलं आनि मान हलवली.

फोन केला. मी फाटकावर जाऊन हुबी ऱ्हायले. नदीकडनं वारं येत हुतं, रस्त्यावर बाजाराची गर्दी. मनात काय काय येत हुतं ते सांगत न्हाय. स्कूटर दिसली. भुलीचा डाक्टर उतरला आनि पयलं इचारलं, मावशी, कागद हाय न्हवं? म्हनले, हाय, भिताडाला लावलाय. तरी त्यानं जाता जाता हुबं ऱ्हाऊन वाचला.

धाकट्या बाई टेबलावर बसूनबी डाक्टरकीच करत हुत्या. दिवा हिकडं घ्या, हत्यारं उकळली का, हातमोज्याला पावडर लावली का. थोरल्या बाई म्हनल्या, आता तू डाक्टर न्हाईस, गप ऱ्हा. भुलीची सुई पाठीच्या कन्यात देत्यात. त्या येळंला बाईनं वाकून बसाय लागतंय, आनि हालू नये म्हनून आयानं म्होरनं तिला धरायचं. मी धरलं. त्यांचं कपाळ माज्या खांद्यावर आलं. आनि तवा मला कळलं की त्या थरथरत्यात. दात वाजत्याला माज्या कानाला ऐकू येत हुतं. ही पोरगी भ्यालीया. आजच न्हाय, दोन म्हयनं भ्यालीच आसनार. रोज ओपीडी केली, नोटिशीला उत्तर दिलं, सासूला उत्तर दिलं, आनि आमच्यातल्या एकीलाबी दिसू दिलं न्हाय. माज्या आयुष्यात मी लई धीराच्या बायका बगितल्या. भेव असून हटली न्हाय अशी हीच. मी तिची मान गच्च धरली. म्हनले, हालू नगंस बाळ, मी हाय. डाक्टर बाईंना मी अरंतुरं केलं ते तेवढं एकदाच.

पोरगी झाली. मानंला नाळ गुंडाळलेली, पन रडली चांगली. मी पुसली, कापडात घेतली आनि भाइर न्हेऊन सासूच्या हातात दिली. सासूनं घेतली, बगितली, आनि परत माज्याकडं दिली. म्हनली, जरा तुमीच धरा, मला नीट दिसंना झालंय.

नंतर मी चादरी घिऊन मागच्या टाकीवर गेले. ऑपरेशनच्या चादरी लगोलग धुवाय लागत्यात. गार पान्यात टाकायच्या, गरम घातलं की रगात बसतंय. त्या खोलीतनं पोट कापलेल्या बाळंतिनीच्या चादरी पयल्यांदाच भाइर आलत्या. निम्म्या धुवून झाल्या असतील तवर फाटकातनं ट्रॅक्टर आत आला. ट्रॉलीत गादीवर एक पोरगी, कुरुंदवाडाकडची, सकाळपासनं अडलेली. तिचा बा खाली उडी मारून म्हनला, बाई, मिरजंला न्ह्यायची का? थोरल्या बाई अजून आतच हुत्या, पन भुलीचा डाक्टर चा पिऊन निघालेला. त्यानं स्कूटरला किक मारलेलीबी मला ऐकू आली.

मी वल्या हातानंच पळत गेले आनि स्कूटरच्या म्होरं आडवी हुबी ऱ्हायले.

"थांबा," म्हनले. "आनि एक आलीया."